सभेत कुणाचं ऐकलं जातं

पोरी,

ग्रामपंचायतीची सदस्य म्हणून सभेत तुला मुद्दा नीट मांडता आला नाही असं तू म्हणतेस, ते मला अजिबात पटलेलं नाही. पाण्याची टाकी खाली बांधली तर वरच्या वस्तीत पाणी चढणार नाही हे तू स्पष्ट सांगितलंस, कुणी लक्ष दिलं नाही, आणि तेच थोड्या वेळानं मोठ्या घरातल्या माणसानं सांगितलं तर लगेच सगळे बरोबर आहे म्हणाले. यात तुझ्या बोलण्याचा काय दोष गं? तू तोंड उघडायच्या आधीच लोकांचं मोजून झालेलं असतं, वय किती, बाई की बापया, कुठल्या घरची, जमीन किती, कुठल्या आळीला राहते, आणि त्यावर ठरतं की हिचं किती मनावर घ्यायचं.

हे मी माझ्या मनचं सांगत नाहीये. पश्चिम बंगालमधल्या बीरभूम जिल्ह्यात अभ्यासकांनी गावकऱ्यांना एकच भाषण ऐकवलं, काहींना पुरुषाच्या आवाजात आणि काहींना बाईच्या. शब्द तेच, पण जिथं बाई कधी प्रधान, म्हणजे आपल्याकडची सरपंच, झालीच नव्हती तिथल्या पुरुषांनी बाईच्या आवाजाला कमी लेखलं. आणि जिथं आरक्षणामुळे बायकांनी गाव चालवलेलं होतं तिथं हा फरक जवळपास उरला नव्हता! म्हणजे माणसं बदलतात, पण बाईला त्या खुर्चीवर काम करताना बघून बदलतात. आपल्याकडे महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत तरी कितीतरी ठिकाणी खुर्चीवर नवराच बसतो, मग गावाला बघायला मिळणार तरी काय? म्हणून तुझे काका म्हणाले ना की तू येऊ नकोस मी बघतो, त्यांना पाया पडून सांग पण नाही म्हणून सांग. सगळ्यात आधी हेच कर.

आता सभेचं. सभेत जे ठरतं ते बरंचसं आदल्या दिवशीच पारावर नाहीतर कुणाच्या तरी ओट्यावर ठरलेलं असतं, तिथं तुला कोण बोलावणार नाही, तर तू दोन सदस्यांच्या घरी जा, चहा घे, टाकीचं समजावून सांग आणि अनुमोदक कोण होणार ते तिथंच पक्कं करून ये. सभेत मग नुसतं बोलायचं नाही, ठराव मांडायचा आणि सूचक म्हणून आपलं नाव लिहायला लावायचं. प्रोसिडिंग, म्हणजे सभेत काय झालं त्याची नोंद, वाचल्याशिवाय सही करू नकोस, कोऱ्या पानावर तर मुळीच नाही, कितीही घाई आहे म्हणाले तरी. आणि बायका दाराशी सतरंजीवर बसतात ना, तू सदस्य आहेस, टेबलाशी खुर्ची घेऊन बस, पहिल्यांदा सगळे बघतील, बघू दे.

पण नुसत्या कागदावर विसंबू नकोस. महाडचं चवदार तळं आठव. १९२३ ला सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करायचा सीताराम केशव बोल्यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात पास झाला, १९२४ ला महाडच्या नगरपालिकेनं तळं सगळ्यांना खुलं केलं, कागद एकदम चोख, आणि तरी अस्पृश्य मानलेल्या माणसांना तिथं पाणी घेता येत नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले, स्वतः पाणी प्यायले, त्यानंतर त्या माणसांना मारहाण झाली, नगरपालिकेनं तर आपलाच ठराव मागे घेतला आणि हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. ठराव होता, तरी माणसांना चालत जावंच लागलं.

आणि एक गोष्ट, ही वाचून रागावू नकोस. सभेत तुझं वजन कमी आहे पण गावात सगळ्यात कमी नाहीये. तू भावकीतली, पदवीधर, तुझ्या आजोबांना लोक ओळखतात. वरच्या वस्तीतली बचत गटाची बाई उठली तर तिचं तू ऐकतेस का, खरंच सांग? टाकीचं मुळात तिनंच तुला सांगितलं होतं, चढावर हंडा तीच नेते. उत्तर प्रदेशातल्या एका अभ्यासात सहावी-सातवीच्या मुलांना कोडी सोडवायला दिली होती, जात कुणाला कळली नाही तेव्हा दलित आणि सवर्ण मुलं सारखीच सोडवत होती, पण दुसऱ्या गटांत सगळ्यांसमोर नावं-जाती वाचून दाखवल्या आणि तिथल्या दलित मुलांची कामगिरी घसरली. मुलं तशीच, कोडी तशीच! मला ते वाचून फार लागलं होतं. ती बाई सभेत अडखळते ना, ते तिला कळत नाही म्हणून नाही, तिथं बसलेल्या सगळ्यांना तिची वस्ती माहीत आहे म्हणून.

म्हणून ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते ती नुसती सह्यांपुरती होऊ देऊ नकोस, वस्तीवर घे, समाजमंदिरात, तिथं ती मोकळी बोलेल. मग ग्रामसभेत तिचं नाव घेऊन सांग की हा मुद्दा त्यांचा आहे आणि त्यांना बोलायला लाव, मधे कुणी तोडलं तर तू उभी राहून म्हण की त्यांचं पूर्ण होऊ द्या. तुझ्या आडनावाचा तेवढा तरी उपयोग होऊ दे.

टाकीचा ठराव अजून अंतिम झालेला नाही ना? मग मासिक सभेची नोटीस आली की मला व्हॉट्सअॅपवर फोटो टाक, ठरावाचे शब्द आपण दोघी बसून लिहू, आणि जमलं तर त्या बाईलाही घेऊन ये घरी.

तुझी,
मावशी