जंतू तर सगळ्यांच्याच अंगावर असतात, मग छातीत इन्फेक्शन मलाच का झालं?

तुम्ही लिहिलंय की बाळ पाच आठवड्यांचं आहे, डाव्या स्तनावर लाल कडक भाग आलाय, थंडी वाजून ताप येतोय आणि घरचे म्हणतायत स्वच्छता ठेवली नाहीस म्हणून झालं. तर आधी हे सांगते की ते चूक आहे. मी मायक्रोबायॉलॉजी लॅबमध्ये काम करते आणि माझ्या पहिल्या बाळाच्या वेळी मलाही हेच झालं होतं, तेव्हा मीही रडत स्वतःलाच दोष देत बसले होते.

स्तनाच्या या इन्फेक्शनमध्ये बहुतेक वेळा जो जंतू सापडतो तो स्टॅफिलोकोकस ऑरियस. साधारण 30 टक्के निरोगी माणसांच्या नाकात तो गुपचूप राहतो, बाळाच्या नाकातोंडातही असू शकतो, कितीही हात धुतले तरी तो घरातून जात नाही. स्तनाग्राला चीर पडली, आत सूज येऊन दूध नीट वाहिनासं झालं की त्याला जागा मिळते.

आणि त्याच्याकडे हत्यारं आहेत हो. आधी चिकटायची प्रथिनं, ज्यांनी तो जखमेतल्या फायब्रोनेक्टिन नावाच्या आपल्याच प्रथिनाला धरून बसतो. मग कोअ‍ॅग्युलेज, म्हणजे रक्त गोठवणारं त्याचं प्रथिन. लॅबमध्ये आम्ही नळीत प्लाझ्मा, म्हणजे पेशी काढून टाकलेला रक्तातला पातळ द्रव घेतो, त्यात हा जंतू टाकतो, 37 डिग्रीला ठेवतो आणि चारेक तासांत नळी तिरकी केली तर प्लाझ्मा ओघळतच नाही, दह्यासारखा घट्ट झालेला असतो, शरीरातही तो असाच गुठळीचा आडोसा करून आत लपतो. प्रोटीन ए नावाचं एक प्रथिन अँटिबॉडीला, म्हणजे जंतूंना पकडणाऱ्या आपल्या प्रथिनाला, शेपटीकडून पकडतं, म्हणजे अँटिबॉडी असूनही उलटी धरलेली, कामाची नाही. अल्फा टॉक्सिन पेशींना भोकं पाडतं, ल्युकोसिडिन नावाचं दुसरं विष तर पांढऱ्या पेशीच मारतं, पू होतो तो यातूनच. मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट म्हणजे हे जंतू आपली संख्या ओळखतात, थोडे असले की चिकटायची प्रथिनं जास्त बनवतात आणि गर्दी झाली की विषं सोडायला लागतात. सकाळी नुसता ठणका आणि रात्री हुडहुडी भरून ताप, असं झालं की मला हेच आठवतं.

अर्थात प्रत्येक लाल गाठ म्हणजे जंतूच असं नाही, सुरुवातीला बरेचदा नुसती सूज असते. म्हणून पाजणं बंद करू नका, त्या बाजूनंही पाजा, बाळाला त्या दुधानं अपाय होत नाही, पण रिकामं करायच्या नादात सारखा पंप लावू नका आणि जोरात चोळू तर अजिबात नका, त्यानं सूज वाढते. थंड शेक द्या, बाळाला अंगावर पाजत असतानाही तुम्ही स्वतः पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन घेतलं तर चालतं.

एक दिवसात ताप उतरला नाही किंवा तब्येत बिघडत चालली तर मात्र डॉक्टरकडे जाच. घरात उरलेली अँटिबायोटिकची गोळी घेऊ नका, हा जंतू बहुतेकदा साध्या पेनिसिलिनला तोडणारं एन्झाइम बनवतो. डॉक्टरांनी दिलेला कोर्स, बहुतेक 10 ते 14 दिवसांचा, पूर्ण करा. दोन दिवस औषध घेऊनही फरक नसेल तर दुधाचं कल्चर, म्हणजे त्यातला जंतू लॅबमध्ये वाढवून तपासणं, करायला सांगा, एमआरएसए, म्हणजे याच जंतूचा नेहमीच्या अँटिबायोटिकना न जुमानणारा प्रकार, असेल तर औषधच बदलावं लागतं. गाठ तशीच राहिली तर सोनोग्राफी करून घ्या, गळू झालं असेल तर बरेचदा सुईनं पू काढता येतो आणि त्यानंतरही पाजता येतं. माझ्या वेळी कल्चरला उशीर झाला, आठ दिवस मी उगाच सोसलं, तुम्ही तसं करू नका.