शाईशंका: रॉयल ब्लू वाहून गेली, आता काय?

प्रश्न: मी चिपळूणला राहते. तीन वर्षं रोज शाईच्या पेनाने डायरी लिहिते, नेहमी रॉयल ब्लू. जुनी पानं फिकी पडलीत, आणि जुलैत कपाटात ओल आली तेव्हा एक कोपरा पार पुसला गेला. कोणती शाई घेऊ? भाच्याने दिलेल्या निळ्या शाईला त्याच्या वहीत लाल चमक येते, माझ्या वहीत येत नाही. असं का?

उत्तर: ताई, रॉयल ब्लू धुऊन निघावी म्हणूनच केलेली असते. पोरांच्या सदऱ्यावरचे डाग जावेत हा तिचा गुण, तोच तुमच्या डायरीच्या मुळावर आला. मी मे महिन्यात एका कागदावर पाच शायांच्या रेघा ओढल्या, अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकला आणि पश्चिमेच्या खिडकीत ठेवून दिला. महिन्याने पुठ्ठा उचलला तर उघड्या बाजूची रॉयल ब्लू जेमतेम दिसत होती, जांभळी राखाडी झाली होती. निळी-काळी तेवढी जागची हलली नव्हती.

ती निळी-काळी लोहयुक्त होती. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस उकळून शाई करत, त्यातलंच हे रसायन: हिरड्यातलं तुरट टॅनिन आणि हिराकसातलं लोह. लिहिताना अक्षर निळं दिसतं, मग हवा लागून काळं होत जातं आणि कागदाच्या तंतूंत रुतून बसतं. वर पाणी सांडलं तर निळा रंग वाहतो, काळी रेघ मागे राहते. पेलिकन कंपनीच्या ४००१ शायांमधली निळी-काळी या जातीची आहे. मात्र बाटलीवर ‘ब्लू-ब्लॅक’ लिहिलंय म्हणजे आत लोह असेलच असं नाही, ते नुसतं रंगाचं नावही असतं. दुकानदाराला विचारून घ्या.

ही शाई आम्लधर्मी असते. स्टीलची निब असेल तर पंधरा दिवसांनी पेन साध्या पाण्याने धुवा, आणि गावाला जाताना भरलेलं ठेवून जाऊ नका. चित्रकलेची काळी ‘इंडियन इंक’ पेनात कधीच भरू नका. आठवीत असताना मी हा उद्योग केला होता. निबेखालची जीभ अशी चोंदली की पेन टाकावंच लागलं, आणि ते वडिलांचं होतं.

आता चमक. त्या शाईत रंगद्रव्य ठासून भरलेलं असतं. कागदाने ते आत ओढलं नाही, तर वरच वाळतं आणि तिरप्या उजेडात लाल झळकतं. तुमची वही शाई पिते, म्हणून चमक नाही. शिवाय पावसाळ्यात कागद दमट होतो, रेघा आणखी फुटतात. भाच्याच्या वहीवर बोट फिरवून बघा, आठवड्यानेही लाल-निळं बोट निघेल. मी या शाया फक्त पाकिटावर नाव घालायला वापरते, आणि तेही पोस्टमनने पाऊस चुकवला तरच शाबूत पोचतं.

निळाच रंग हवा असेल तर पिगमेंटवाली, म्हणजे पाण्यात न विरघळणाऱ्या रंगकणांची, निळी घ्या. ती पाण्याला दाद देत नाही, पण पेन कोरडं पडू देऊ नका. आणि उरलेल्या तीन वर्षांच्या पानांचे या रविवारीच मोबाइलवर फोटो काढा. खिडकीशी बसून काढा, पण डायरी तिथेच विसरू नका.