शंकासुर नव्हे, संकासुर

प्रश्न असा : अमेरिकेतला विनोदी रॅपर बिझ मार्की, त्याच्यावर मालवणीत लिहायचंय. 'हिप-हॉपचा शंकासुर' म्हटलं तर चालेल का? सारख्या शंका काढून हसवतो तो शंकासुर ना?

नाही हो! शिमगा आला की ही 'शंका' दरवर्षी कानावर येते. शंका अधिक असुर, संधी चोख बसतो आणि तिथेच घात होतो. दशावतारातला संकासुर आडवेतिडवे प्रश्न विचारतो खरा, पण नाव त्यावरून पडलेलं नाही. हा पुराणातला शंखासुर. वेद पळवून समुद्रात दडला, मग विष्णूने मत्स्यावतार घेऊन त्याला मारला.

'ख'चा 'क' कसा झाला? ही मराठीची जुनीच खोड. हिंदीत भूख, भीख, सीखना, सूखना. आपल्याकडे भूक, भीक, शिकणे, सुकणे. 'शंख' हा तत्सम म्हणून पुस्तकात शाबूत राहिला, पण राक्षस गावोगाव बोलला गेला, म्हणून झिजला. 'श'चा 'स' तर बोलीत सहज होतो. कोशात 'शंकासुर' छापलेलं दाखवणारे विद्वान भेटतात. ते बहुधा लाल-पिवळ्या फुलांच्या झुडपाची नोंद दाखवत असतात. झुडपावरून राक्षसाचं व्याकरण ठरवू नये.

आता खरी गंमत. आडदशावतारात, म्हणजे दशावताराच्या पूर्वरंगात, देव भारदस्त बोलतात, काळ्या वेषातला संकासुर मात्र मालवणीत, आयत्या वेळी सुचेल ते. म्हणजे आधी वेद चोरले आणि मग सगळी देवभाषा चावडीवर आणली. माझ्या मते आपल्या विनोदाचं मूळच ते : उचलेगिरी. कुणाला पटो न पटो.

बिझ मार्की (1964–2021) तोंडाने ढोल वाजवत, म्हणजे बीटबॉक्स करत पुढे आला. 1989 च्या 'जस्ट अ फ्रेंड'चं पालुपद तो मुद्दाम घसा ताणून बेसूर गातो. ते गाणं 1990 मध्ये अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्ड यादीत नवव्या क्रमांकावर गेलं. पालुपदही 1968 च्या एका गाण्यावरून उचललेलं. मग 1991 मध्ये गायक गिल्बर्ट ओ'सलिव्हनच्या गाण्याचा तुकडा विनापरवाना वापरला म्हणून खटला झाला. न्यायाधीशांनी निकालपत्र सुरूच केलं 'चोरी करू नकोस' या बायबलातल्या आज्ञेने. अल्बमची विक्री थांबली. तेव्हापासून तुकडा वापरायचा तर आधी परवानगी घ्यायची, ही रीत रॅपमध्ये पक्की झाली. त्याच्या 1993 च्या अल्बमचं नाव काय? 'ऑल सॅम्पल्स क्लिअर्ड!', म्हणजे 'सगळ्या तुकड्यांची परवानगी घेतलीय!' वेद परत करतानाही वाकुल्या दाखवणारा.

तेव्हा 'हिप-हॉपचा संकासुर' खुशाल लिहा. सामान्यरूप 'संकासुरा-', म्हणून 'संकासुराचा'. आणि 'सु' ऱ्हस्व.