बांबू लावायच्या आधी हद्दीचे नियम बघ
अरे थांब, रोप आणायच्या आधी ते पसरणारं आहे का एका जागी बेट करून वाढणारं हे नीट विचारून घे, कारण नियम बहुतेक पसरणाऱ्या जातींसाठीच असतात आणि खरा त्रासही त्यांचाच. अमेरिकेत कनेटिकटमध्ये तर कायदाच आहे, शेजाऱ्याच्या हद्दीपासून ४० फुटांच्या आत असा बांबू लावायचा नाही, लावायचाच तर कुंडीत नाहीतर जमिनीत अडसर घालून. तुझ्याकडे काय नियम आहे ते पालिकेत लेखी विचार, तोंडी उत्तरावर विसंबू नकोस.

अडसर म्हणजे एचडीपीई नावाच्या कडक प्लास्टिकची जाड शीट, ६०-७५ सेंमी खोल आणि वर ५ सेंमी तरी मातीबाहेर, हे वरचं टोक लोक हमखास गाडून टाकतात आणि मग मुळी त्याच्यावरूनच पलीकडे जाते, मी शेजारच्यांच्या फरशीच्या फटीतून टोकदार कोंब वर आलेला बघितलाय, फार वाईट वाटलं. वर्षातून दोनदा कडेकडेने खणून बघच. आधीच पलीकडे गेला असेल तर पहिलं शेजाऱ्यांशी बोल, फोटो काढून ठेव, एकदा वरून छाटून तो मरत नाही, मुळ्या खणून काढाव्याच लागतात.