बँक ४८ लाख देतेय, मग घर घ्यायचं का?

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही चिंचवडला १६ हजार भाड्याने राहतो. मिस्टर चाकणला कंपनीत आहेत, त्यांच्या हातात ५८ हजार येतात. मी खासगी शाळेत शिकवते, मला २७ हजार मिळतात. किराणा, मुलीची शाळा, पेट्रोल, गावी सासूबाईंना पाठवतो ते पाच हजार, असा भाड्याशिवायचा खर्च ३४ हजार. गाडीचा हप्ता साडेसहा हजार, अजून १४ महिने आहे. एफडी ११ लाखांची आहे. मोशीत बांधकाम चालू असलेला ६० लाखांचा टू बीएचके आवडलाय. बँक ४८ लाख देईल म्हणते. बिल्डरचा माणूस म्हणतो, सोमवारपर्यंत टोकन द्या, नाहीतर भाव वाढेल. आमच्या पगारात हे झेपेल का?

उत्तर : ताई, आधी स्पष्ट सांगते. हे घर आज तुम्हाला झेपणार नाही. घर घेणंच झेपणार नाही, असं मात्र मी म्हणत नाही.

मी २७ वर्षं एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात होते. ‘किती कर्ज बसेल?’ हा प्रश्न रोज यायचा आणि आम्ही आकडा काढून द्यायचो. पगाराचा साधारण निम्मा भाग हप्त्यांना जाऊ शकतो, असं धरून तो आकडा निघतो. त्या फॉर्मवर सासूबाईंच्या पाच हजारांचा रकाना नसतो. तो रकाना तुम्हीच मांडायचा.

मांडून बघू. साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षं मुदत धरली, तर लाखाला ८६८ रुपये हप्ता पडतो. ४८ लाखांचा झाला जवळजवळ ४१,७००. तुमचे मिळून ८५ हजार येतात. त्यातून ३४ हजार घरखर्च गेला, राहिले ५१. सोसायटीचा मेंटेनन्स साडेतीन हजार धरा. विम्याचे हप्ते, गणपती, दिवाळी, कुणाचं लग्न, दवाखाना हे महिन्याच्या यादीत दिसत नाही, पण वर्षभरात येतंच. त्याचे महिना सहा हजार बाजूला काढा. उरले साडेएकेचाळीस. म्हणजे हप्त्यालाच दोनशे रुपये कमी पडले, गाडीचा हप्ता तर अजून धरलाच नाही. व्याजदर बदलता असतो. तो एका टक्क्याने वाढला, तर हप्त्यात आणखी तीन हजारांची भर.

आता हातातल्या पैशाचं. ६० लाख ही फक्त करारनाम्याची किंमत. बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ३ लाख. तुमच्याकडे मुद्रांक शुल्क सगळे अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदणी ३० हजार. ताबा घेताना आगाऊ मेंटेनन्स, मीटर, सोसायटी असं मिळून दीड लाख धरा. बेरीज झाली ६९ लाख. बँक देणार करारनाम्याच्या ८० टक्के. वरचे २१ लाख तुमचे, आणि जवळ आहेत ११.

ही दहा लाखांची फट लोक कशी बुजवतात, ते मी टेबलाच्या या बाजूने पाहिलंय. एका जोडप्याने पर्सनल लोन आणि सोनेतारण करून ती बुजवली. पुढे बाळंतपणानंतर बायकोची नोकरी सुटली. तो पासबुक घेऊन माझ्यासमोर बसला होता. पाच तारखेला पगार जमा, सातला हप्ते वजा, अकरा तारखेला शिल्लक ४१२ रुपये. पुढच्या पानावर हप्ता परत गेल्याचा दंड. दोन वर्षांत त्यांनी फ्लॅट विकला. मुद्रांक शुल्काचे पैसे काही परत येत नाहीत. ते पासबुक मी अजून विसरलेले नाही, म्हणून एवढं कळकळीने लिहितेय.

म्हणून दोघांच्या पगारावर हप्ता ठरवला, तरी मिस्टरांच्या एकट्याच्या ५८ हजारांत तो भरून चूल पेटते का, हे बघाच. ४१,७०० भरले की १६ हजार उरतात. तुम्हाला ते पुरणार नाहीत. शिवाय बांधकाम चालू असेपर्यंत स्लॅबनुसार, म्हणजे काम पुढे सरकेल तसतशा टप्प्याटप्प्याने उचललेल्या रकमेचं व्याज आणि घरभाडं दोन्ही एकदम चालतं. निम्मं कर्ज उचललं गेलं, तरी महिन्याला १७ हजार व्याज आणि वर तुमचं १६ हजार भाडं. व्याजावर आयकर वाचेल, असं कुणी सांगेल. नव्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घरासाठी ती वजावट नाही, त्यामुळे तो फायदा धरूच नका.

तुमच्या जागी मी असते, तर गाडीचा हप्ता फिटेपर्यंत थांबले असते. सगळा खर्च जाऊन आत्ताही तुमचे महिना साडेबावीस हजार उरायला हवेत. ते पगाराच्या दिवशीच आरडीत टाका. १४ महिन्यांत तीन लाखांवर जमतील आणि एफडीसह हातात १४ लाख होतील. मग ३८ लाखांच्या आसपासचं घर बघा. ४५ लाखांच्या आतल्या आणि ९० चौरस मीटर कार्पेटपर्यंतच्या (म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा) घराला तुमच्याकडे जीएसटी १ टक्काच आहे, आणि पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या इमारतीत तोही नाही. कर्ज लागेल ३०.४ लाख, हप्ता २६,४००. वरचा सगळा खर्च भागवून पावणेदोन लाख शिल्लक राहतील, त्यांना हात लावू नका. घर फक्त तुमच्या नावावर घेतलंत, तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, म्हणजे आणखी ३८ हजार वाचले. मिस्टर सहकर्जदार राहू शकतात. कदाचित ते वन बीएचके असेल. मुलगी लहान आहे, चालेल.

त्या आरडीतून मध्येच पैसे काढावे लागले, तर तेही तुम्हाला वेळेत कळेल, आणि तेव्हा ३८ लाखांचाही आकडा खाली आणा.

राहिलं टोकन. सोमवारी देऊ नका. पुढे कधी द्याल, तेव्हाही महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून ताब्याची तारीख आणि कार्पेट क्षेत्रफळ स्वतः वाचा. करारनामा नोंदवण्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला कायद्याने घेता येत नाही. भाव वाढेल म्हणणाऱ्या त्या माणसाकडून सगळ्या खर्चाचा तक्ता लेखी मागून घ्या आणि तो माझ्याकडे पाठवा, आपण ओळ न् ओळ बघू.