रोलरवरून बर्फावर जाताना

भावा, रोलर स्केट्स सोडून लेहला आइस हॉकी खेळायला निघालायस, म्हणून सांगतो. रंकाळ्याभोवती रोज पळतोस ते ठीक, पण आइस हॉकी लांब पळणाऱ्याची नव्हे. एक शिफ्ट, म्हणजे एकदा बर्फावर उतरून खेळायची पाळी, जेमतेम 45 सेकंदांची. जीव तोडून खेळायचं, बाहेर बसायचं, पुन्हा उतरायचं. म्हणून 40 सेकंद जोरात, दोन मिनिटं विश्रांती, असे 8 फेरे मार.

खरी अडचण थांबण्याची. रोलरवर मागचा पाय आडवा घासून भागतं. बर्फावर गुडघे वाकवून स्केट्सची दोन्ही पाती एकदम आडवी करायची, बर्फ खरवडला पाहिजे. वजन टाचेवर गेलं की आपटलासच. डावी-उजवी दोन्ही बाजू घोट. बहुतेक जण एकाच बाजूवर भागवतात आणि सामन्यात फसतात.

पाती लगेच पुसून ठेव, ओली कव्हरात गेली की गंज धरलाच.

लेहची उंची सुमारे 3500 मीटर, हवा विरळ, अंगाला सवय व्हायला वेळ लागतो. पहिले दोन दिवस स्केट्सना हात लावू नको.