पूरमदतीत गेलेल्या जवानाच्या पत्नीला पेन्शनवर कर लागतो का?

प्रश्न : माझा मुलगा लष्करात नायक होता. सरकारी बचावकार्यात पुरात अडकलेल्यांना बाहेर काढताना तो गेला. सूनबाईंच्या पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावर) ‘स्पेशल फॅमिली पेन्शन’ लिहिलंय. थकबाकी २०२५-२६ मध्ये एकरकमी जमा झाली. करसल्लागार म्हणतात, सीमेवर मृत्यू आला तरच करमाफी. नाहीतर पगारात दाखवा.
— एक वाचक, इंदूर

उत्तर : दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. २०२५-२६ च्या विवरणपत्राला १९६१ चाच आयकर कायदा लागू आहे. त्यातल्या कलम १०(१९) नुसार ऑपरेशनल ड्युटीवर मृत्यू झाल्यास फॅमिली पेन्शन करमुक्त असते. हे मृत्यू कोणते, ते नियम २बीबीए सांगतो. शत्रूचा हल्ला, दहशतवादी, सुरुंग यांच्याच यादीत नैसर्गिक आपत्तीत नागरी प्रशासनाला मदत आणि बचावकार्य हेही स्पष्ट लिहिलेलं आहे.

पीपीओवरच्या ‘स्पेशल’ने घाबरू नका. स्पेशलमध्ये शेवटच्या वेतनाच्या ६० टक्के पेन्शन मिळते, ‘लिबरलाइज्ड’ या दुसऱ्या प्रकारच्या फॅमिली पेन्शनमध्ये १०० टक्के. तो दराचा प्रश्न झाला. करमाफीची कसोटी वेगळी. मात्र नियमाला प्रमाणपत्र लागतं. मुलाच्या शेवटच्या विभागाच्या प्रमुखांकडे किंवा सेना मुख्यालयाकडे सूनबाईंच्या सहीने अर्ज करा. सोबत पीपीओ, मृत्यूचा दाखला आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरीचा (लष्करी चौकशीचा) निष्कर्ष जोडा. प्रमाणपत्रात ‘ड्युटीवर असताना मृत्यू’ एवढंच नको. कोणत्या बचावकार्यात, हे यायलाच हवं. अशा मोघम वाक्यावर प्रकरण अडू शकतं. प्रमाणपत्र मिळालं की रक्कम विवरणपत्रात करमुक्त उत्पन्नात दाखवायची. नव्या करप्रणालीतही ही सूट टिकते.

प्रमाणपत्र येईपर्यंत विवरणपत्राची मुदत संपत असेल, तर पेन्शन ‘इतर स्रोतांपासूनचं उत्पन्न’ म्हणून दाखवा, पगार म्हणून कदापि नाही. थकबाकीमुळे कर वाढत असेल तर कलम ८९ चा दिलासा मिळतो, पण फॉर्म १०ई विवरणपत्राच्या आधी ऑनलाइन भरावा लागतो. तो राहिला की दिलासा नामंजूर होऊन मागणीची नोटीस येते.

प्रश्न : माझे यजमान निवृत्त सुभेदार होते, हृदयविकाराने गेले. मला फॅमिली पेन्शनवर ७५,००० ची वजावट मिळेल का?
— एक वाचक, महू

उत्तर : नाही, ताई. निवृत्त सैनिकाला स्वतःच्या पेन्शनवर नव्या प्रणालीत ७५,००० ची वजावट असते. त्याच्या पत्नीला पेन्शनचा एक तृतीयांश किंवा २५,००० यांपैकी कमी असेल ती. जुन्या प्रणालीत हीच मर्यादा १५,००० आहे. पेन्शन आधीच घटलेली, त्यात वजावटही एक तृतीयांशावर येते; हा भेद आम्हाला अन्यायाचा वाटतो आणि तो कायद्यातच दुरुस्त व्हायला हवा. तूर्त २०२५-२६ मध्ये नव्या प्रणालीत करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल, तर कलम ८७ए च्या सवलतीमुळे तुमच्या पेन्शनवर कर शून्यच येईल. पण एकूण उत्पन्न ४ लाखांवर असेल, तर कर शून्य असूनही विवरणपत्र भरावंच लागतं.